धुरा मोडला की शेजार मोडतो
(सभासद शिक्षण पाठ)



बेणं कसं निवडावं, लागण कधी करावी, खोडव्याला खत किती द्यावं, या गोष्टी आपण नेहमीच वाचतो. आजचा पाठ पिकाच्या कडेचा आहे. आपल्या वावराची जिथं हद्द संपते आणि शेजाऱ्याची सुरू होते, त्या धुऱ्याचा. पश्चिम महाराष्ट्रातले लोक त्याला बांध म्हणतात, आपण धुरा म्हणतो. नाव कोणतंही घ्या, भांडण एकच. खेड्यात बोलणं बंद झालेली दोन घरं पाहिली आणि कारण विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर धुऱ्यावरच येऊन थांबतं.

आधी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. दुसऱ्याचं उदाहरण देण्यापेक्षा आपलं दिलेलं बरं.

आमची एक वेळची शाळा

वीस-बावीस वर्षं झाली असतील. आमच्या आणि धुरेकऱ्याच्या वावरात एक जुना धुरा होता. त्यावर चार बाभळी, एक निंब. धुरेकरी माझ्या बाबांपेक्षा वयानं मोठे, आम्ही पोरं त्यांना काकाजी म्हणायचो. पेरणीला त्यांचा बैल आमच्याकडे, आमची तिफण त्यांच्याकडे, असा व्यवहार. एका जून महिन्यात बाबा वावरातून आले ते तणतणतच. त्यांनी पावलांनी मोजून पाहिलं होतं. धुरा एक हात आमच्याकडे सरकला होता.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरच बोलणं झालं.

"काकाजी, धुरा इकडे कसा काय आला?"

"म्या काहून सरकवीन बावा? पाण्यानं माती सरकली असन."

"पाण्याले बरं तुमचंच वावर वाढवता येते!"

एवढ्या एका वाक्यानं नऊ वर्षं खाल्ली. त्या वर्षी बाबांनी दोन बाभळी तोडल्या. काकाजींनी पाण्याचा दांड बुजवला. लग्नकार्याच्या पत्रिका बंद झाल्या. तरी शेती चालू होती. खरा फटका बसला तो ऊस लावल्यावर. आमच्या वावरातून बाहेर पडायची गाडीवाट काकाजींच्या धुऱ्यावरून जायची. वाट पिढ्यान्‌पिढ्यांची, पण कागदावर कुठंच नव्हती. तोडणीची टोळी आली त्या सकाळी वाटेवर बाभळीचे काटे पसरलेले. टोळी एक दिवस थांबली, दोन दिवस थांबली, मग पुढच्या पाळीवाल्याकडे गेली. आमचा दोन एकर ऊस उन्हाळा लागेपर्यंत उभाच राहिला. वाळून काठी झाला.

त्यानंतर मोजणी केली. मोजणीदारानं एका टोकाला खूण केली ती काकाजींच्या बाजूला हातभर आत. दुसऱ्या टोकाला केली ती आमच्या बाजूला, जवळजवळ तेवढीच आत. म्हणजे एका टोकाला त्यांनी आमची जागा वाहिली होती, दुसऱ्या टोकाला आम्ही त्यांची. मोजणीदार म्हणाले, "तुमचा धुरा चोरीला गेला नाही, वाकडा झाला आहे." बाबा आणि काकाजी त्या दुपारी एकाच निंबाखाली बसले होते, तोंडं मात्र दोन दिशांना. मोजणीदारांनी पाणी मागितलं. आमची कळशी संपली होती. काकाजींनी आपली पुढं केली आणि मोजणीदारांचं झाल्यावर ती बाबांकडे सरकवली. बाबा प्यायले. समेट तो तेवढाच. पण दुसऱ्या वर्षी आमच्या गाड्या त्याच वाटेनं गेल्या.

ही मोजणी आम्ही पहिल्याच वर्षी केली असती तर? आजचा सगळा पाठ या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

धुरा भांडण का लावतो?

पहिलं कारण माती. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. उताराच्या बाजूनं माती वाहते, धुरा एकीकडे ढासळतो, दुसरीकडे गाळ साचतो. चार-पाच पावसाळ्यांत मूळ रेषा ओळखू येत नाही. यात कुणाचा दोष नसतो.

दुसरं कारण नांगर. बैलाच्या नांगराला धुऱ्याजवळ जपून वळावं लागायचं. ट्रॅक्टरचा फाळ एका फेरीत वीतभर धुरा कापतो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला परगावचा असतो, त्याला धुरा कुणाचा याची फिकीर नसते. मालक घरी, ट्रॅक्टर वावरात, आणि आळ मालकावर. काही जण मुद्दाम धुरा कोरतात हेही खरं आहे. पण प्रत्येक वेळी तसंच झालं असं धरून चालू नये.

तिसरं कारण वाटणी. आजोबांचं सोळा एकराचं वावर चार भावांत चार-चार एकर झालं, नातवांत दोन-दोन एकर झालं. वाटणी पावलांनी झाली, धुरे दोरीनं पडले आणि सातबाऱ्यावर क्षेत्र बरोबर लिहिलं गेलं. जमिनीवर मात्र ते तसं नाही. मोजून फाळणी न झालेल्या वाटणीतून असा वाद पुढच्या पिढीत हमखास निघतो. म्हणून भावाभावांतले धुऱ्याचे तंटे परक्यांपेक्षा जास्त.

चौथं कारण धुऱ्यावरची झाडं, पाण्याचे दांड आणि गाडीवाट. पाचवं आणि अलीकडचं कारण कुंपण. रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास वाढल्यापासून जो तो तार ओढतो आहे. तार ओढली की हद्द पक्की झाली असं वाटतं, आणि जिथं आजवर ढिलाई चालून गेली तिथं एकदम ताण येतो.

एका हाताचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा धुऱ्याची लांबी ६६० फूट आहे, म्हणजे जुन्या मोजणीच्या दहा साखळ्या. भांडण आहे एका हाताचं, म्हणजे दीड फुटाचं. ६६० गुणिले दीड म्हणजे ९९० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. म्हणजे दहा साखळ्या लांब धुऱ्यावर एका हाताचं भांडण हे गुंठाभरही जमिनीचं नाही.

एकरी चाळीस टन ऊस धरला, तर एकरात चाळीस गुंठे, म्हणून गुंठ्याला एक टन. आपल्या पट्टीत ९०० किलोच्या आसपास. टनामागं तीन हजार रुपये हाती पडले असं धरा, म्हणजे वर्षाला सुमारे सत्तावीसशे रुपये. नऊ वर्षांचे झाले चोवीस हजारांच्या वर. तेही सगळ्या पट्टीत ऊस उभा राहिला तर. धुऱ्याच्या कडेला पीक कधी तेवढं येत नाही, हे तुम्हीही जाणता.

आता दुसरी बाजू. वाट अडली, दोन एकर ऊस उशिरा तुटला. ऐंशी टनांत दहा टक्के घट धरा. आठ टन गेले, चोवीस हजार रुपये गेले. म्हणजे नऊ वर्षांत त्या पट्टीतून जे मिळालं असतं ते एका हंगामात गेलं. यात वकिलाची फी, तारखेला जाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, रात्रीची उडालेली झोप काहीच धरलेलं नाही. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या वावराचे आकडे घालून हाच हिशेब घरी करून पाहा.

हिशेबाचा अर्थ असा नव्हे की आपली जागा सोडून द्यावी. हक्काची जागा हक्कानं मागावी. पण कितीची वस्तू आहे आणि तिच्यासाठी किती खर्चतो आहोत, हे आधी माहीत असावं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं जुने लोक म्हणत, ते भित्रेपणानं नव्हे, हिशेबानं.

ऊसवाल्यांनी आधी आपल्याकडे पाहावं

आपल्या जिल्ह्यात बोर धरणाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर एका वावरात ऊस आणि शेजारी कापूस, तूर, सोयाबीन अशी स्थिती असते. त्यामुळे ऊसवाल्याचा शेजाऱ्याला होणारा त्रास वेगळा आहे. तो आपण कबूल केला पाहिजे.

ओल : भरपूर पाटपाणी दिलं की ओल धुऱ्याखालून शेजाऱ्याच्या कापसात उतरते. काळ्या जमिनीत पाणी साचलं की कापूस पिवळा पडतो. धुऱ्याला लागून आपल्याच बाजूनं चर काढा. ठिबक असेल तर हा प्रश्न बराच कमी होतो.

तणनाशक : उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी मारतात. कापूस या औषधाला फार नाजूक. वाऱ्यावर उडालेला थोडा फवाराही कापसाची पानं आक्रसवून पंजासारखी लांबट करतो. शेजारी कापूस उभा असेल तर धुऱ्याकडच्या तासांत हे औषध मारूच नका, हातानं निंदण करा. मारलेला पंप शेजाऱ्याला उसना देऊ नका.

पाचट : पाचट पेटवलं आणि वारा फिरला की शेजाऱ्याचा गव्हाचा ढीग, कडब्याची गंजी, ठिबकच्या नळ्या जातात. पाचट न जाळता सरीत कुजवणंच जमिनीच्या हिताचं आहे, शेजाराच्याही.

डुकरं : रानडुक्कर दिवसा उसात दडतं आणि रात्री शेजाऱ्याची तूर-भुईमूग उकरतं. शेजारी म्हणतो, "तुमच्या उसानं डुकरं पोसली." त्याचं अगदीच चूक नाही. म्हणून राखणीत, कुंपणाच्या खर्चात ऊसवाल्यानं दोन पावलं पुढं यावं.

वाद मिटवायच्या पायऱ्या

जिना चढताना पहिली पायरी सोडून चौथीवर उडी मारली तर पाय मोडतो. धुऱ्याच्या वादाचंही तसंच आहे.

पहिली पायरी, बोलणं. धुऱ्यावर, कामाच्या गडबडीत, चार मजुरांसमोर बोलू नका. संध्याकाळी त्यांच्या घरी जा, किंवा त्यांना चहाला बोलवा. "तुम्ही धुरा कोरला" असं म्हणू नका. "धुरा मले वाकडा दिसते, तुम्हाले काय वाटते?" असं विचारा. पहिल्या बोलण्यात समोरच्याला चोर ठरवलं, तर त्याला परतायला वाट उरत नाही. दोन्ही घरच्या बायकांनाही या बोलण्यात बसवा. दोन घरांचं येणंजाणं बंद झालं की त्याची झळ त्यांनाच रोज सोसावी लागते.

दुसरी पायरी, कागद. दोघांनी आपापला सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि जुने फेरफार एकत्र बसून पाहावे. वाटणीचा धुरा असेल तर फाळणी नकाशा झाला होता का ते शोधा. आपल्या विदर्भात आणखी एक जुना कागद कामाचा आहे. मालगुजारीच्या काळापासून गावच्या वहिवाटी लिहून ठेवण्याची इकडे पद्धत होती. वाट, पाणी यांसारख्या वहिवाटी ज्यात नोंदल्या जातात त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणतात, आणि गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराच्या कागदाला निस्तार पत्रक. पांधण किंवा दांडाचा वाद असेल तर हे कागदही पाहायला मागा. पटवारी, म्हणजे तलाठी, यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तिथं चौकशी करा.

तिसरी पायरी, पंच. दोघांनी एकेक माणूस सुचवावा आणि तिसरा दोघांच्या मर्जीचा. जमीन विकत घ्यायला टपलेला, सावकारी करणारा किंवा येत्या निवडणुकीवर डोळा ठेवणारा पंच नको. पंचांनी धुऱ्यावर उभं राहूनच निकाल द्यावा, चावडीवर बसून नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्यात गावोगाव समित्या झाल्या. तुमच्या गावची समिती काम करत असेल तर तिचा उपयोग करून घ्या.

पंचांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. सेवाग्रामला १९३६ साली येऊन राहिलेले महात्माजी तरुणपणी वकील होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या दोन नातेवाईक व्यापाऱ्यांचा दावा. दोघंही खर्चात बुडतील हे पाहून त्यांनी तो दावा पंचाकडे नेला. दादा अब्दुल्ला जिंकले. पण रक्कम एवढी होती की एकदम मागितली असती तर हरलेला धुळीला मिळाला असता. गांधीजींनी जिंकलेल्याला समजावून लांब मुदतीचे हप्ते पाडून घेतले. फुटलेली माणसं जोडणं हेच वकिलाचं खरं काम, हे आपण तिथं शिकलो असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. यातला हप्त्याचा मुद्दा लक्षात ठेवा. निकाल आपल्या बाजूनं लागला तरी शेजाऱ्याला उभं पीक काढून नेऊ द्यावं, धुरा पुढच्या हंगामात सरळ करावा.

चौथी पायरी, सरकारी मोजणी. पंचांनीही जमलं नाही किंवा मूळ रेषाच कुणाला माहीत नाही, तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. अर्ज आता ऑनलाईनही होतो. फीचे दर बदलत असतात, कार्यालयात विचारून घ्यावेत. शक्य असेल तर दोघांनी मिळून अर्ज करा आणि फी निम्मी-निम्मी भरा. दोघांनी बोलावलेल्या मोजणीदारावर दोघांचा विश्वास बसतो. एकट्यानं अर्ज केला तरी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. नोटीस आली की रागानं घरी बसू नका. हजर राहा, खुणा पाहा, हरकत असेल तर लिहून द्या.

ऊसवाल्यांसाठी एक खास सूचना. उभ्या उसात हद्द दिसत नाही, चालताही येत नाही. आता मोजणी रोव्हर यंत्रानं होते, तरी कडेनं फिरावंच लागतं. म्हणून अर्ज असा करा की मोजणीची तारीख ऊस तुटल्यावर आणि पावसाळ्याआधी पडेल. मोजणी झाली की हद्दीच्या खुणांवर त्याच दिवशी दगड रोवा. चुना पहिल्या पावसात जातो. मोजणीचा नकाशा, म्हणजे क प्रत, मागून घ्या आणि जपून ठेवा. मोजणी पटली नाही तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा, मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. मोजणी संपताच नांगर घेऊन धावू नका.

पाचवी पायरी, महसूल अधिकारी आणि न्यायालय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये हद्दीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कलम १३५ प्रमाणे हद्दीच्या वादाचा निर्णय कागदपत्रं पाहून आणि दोन्ही बाजू ऐकून जिल्हाधिकाऱ्यांनी करायचा आहे. कलम १३६ खाली हद्द आखून खुणा करून मागता येतात. हद्द ठरल्यावर चुकीच्या ताब्यातल्या माणसाला काढण्याचा अधिकार कलम १३८ मध्ये आहे. हद्दीचे दगड सांभाळणं ही कलम १४० प्रमाणे आपली, म्हणजे खातेदाराची जबाबदारी आहे. मुद्दाम दगड उपटणाऱ्याला कलम १४५ खाली दंड होतो.

मालकीचाच वाद असेल तर मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तिथं मुदत सांभाळावी लागते. जबरदस्तीनं ताबा काढून घेतला असेल तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. मालकी हक्कानं ताबा मागण्याची मुदत साधारण बारा वर्षं. "पाहू पुढच्या वर्षी" करत राहणाऱ्याचा हक्क असा निसटतो. म्हणून भांडू नका, पण झोपूही नका.

ताब्याची अदलाबदल

कधी असं निघतं की आपल्या नावाची पट्टी त्यांच्या ताब्यात आणि त्यांच्या नावाची आपल्या ताब्यात, आणि दोन्हीकडे वर्षानुवर्षं वहिती चालू आहे. अशांसाठी शासनानं २०२३ च्या जानेवारीत सलोखा योजना आणली. दोघांचा असा ताबा किमान बारा वर्षांचा असला तर अदलाबदलीचं पत्र नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून करता येतं. योजना मुदतीची आहे, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात आजची स्थिती विचारूनच पुढं जा. साध्या कागदावर किंवा नुसत्या स्टँपवर जमिनीची अदलाबदल करू नका. नोंदणी नसलेला असा कागद पोरांच्या वेळी पुन्हा भांडण उभं करतो.

कुंपण घालताना

कुंपणाआधी हद्द पक्की करा. हद्द कच्ची आणि कुंपण पक्कं, हा उलटा कारभार झाला. हद्दीचे दगड कुंपणाच्या खांबात गाडू नका, ते उघडे दिसले पाहिजेत. एकट्यानं कुंपण घालायचं असेल तर आपल्या बाजूला हातभर आत घ्या, म्हणजे दुरुस्तीला दुसऱ्याच्या पिकात पाय ठेवावा लागत नाही. दोघांचं सामाईक घालायचं असेल तर रेषेवर घाला, पण खर्च, देखभाल आणि फाटकाची जागा आधी कागदावर येऊ द्या. गाडीवाटेवर कुंपण ओढू नका, फाटक ठेवा. बैलगाडीला सहा-सात फूट भागतात, उसाच्या भरलेल्या ट्रॉलीला वळणावर बारा फूटही कमी पडतात.

तारेला पैसा नसेल तर घायपात, सागरगोटा, करवंद यांचं जिवंत कुंपण दोघांनी मिळून लावावं. धुऱ्यावरचं जुनं झाड कुणाचं हे ठरवल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नका. साग, आंबा, चिंच, मोह अशा झाडांना स्वतःच्या वावरातही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुंपणात घरचा किंवा खांबावरचा वीजप्रवाह कधीही सोडू नका. २०१७ च्या ऑक्टोबरात ब्रह्मपुरीकडून आणून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण आपल्याच जिल्ह्यात शेताच्या कुंपणातल्या विजेनं मेली. ती बातमी देशभर झाली. पण अशा तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी चिकटला, त्याचं पोर चिकटलं, तर? डुकरासाठी लावलेली तार माणूस ओळखत नाही. मग गुन्हा दाखल होतो, घर उघडं पडतं, आणि धुऱ्यापलीकडचं घर आयुष्यभर आपल्याकडे पाहत राहतं. सौर कुंपण, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते वेगळं आहे. त्यात क्षणभराचा ठोका थांबून-थांबून येतो, जनावर बिचकून मागं फिरतं. चांगल्या बनावटीचं यंत्र घ्या, त्याला घरची लाईन जोडू नका, पाटी लावा आणि शेजाऱ्याला दाखवून ठेवा. पिकाचं नुकसान झालंच तर वनखात्याला लगेच खबर देऊन पंचनामा करून घ्या.

गाडीवाट

उसाला वाट नसेल तर ऊस असून नसल्यासारखा. वावरात जायला वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट देऊ शकतात. शेतकऱ्याला वावरात पोचायची खरी गरज किती, हे त्यांनी पाहायचं असतं. निर्णय पटला नाही तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. पण अर्जाचा निकाल लागायला वेळ जातो आणि तोडणीची पाळी थांबत नाही. म्हणून वाटेचं बोलणं लागणीच्या वेळीच करा. टोळी दारात आल्यावर केलेली विनंती शेजाऱ्याला धाकासारखी वाटते. आपल्या ट्रॉलीनं त्याच्या धुऱ्याला घळ पडली तर हंगाम संपताच स्वतः माती टाकून द्या.

समजपत्राचा नमुना

तोंडी ठरलेलं दोन पावसाळे टिकतं, कागदावरचं दोन पिढ्या. हा नमुना उतरवून घ्या.

"मौजा ........, तालुका ........, जिल्हा वर्धा येथील भूमापन क्रमांक ........ चे खातेदार आणि लगतच्या भूमापन क्रमांक ........ चे खातेदार आम्ही दोघं राजीखुशीनं लिहून ठेवतो की,
१. दिनांक ........ च्या मोजणीप्रमाणे ........ दगड रोवले आहेत, ते आम्हाला मान्य आहेत.
२. दगडांच्या रेषेपासून दोन्हीकडे ........ फूट जागा नांगरणार नाही.
३. कुंपणाचा खर्च व दुरुस्ती ........ प्रमाणे वाटून घेऊ.
४. धुऱ्यावरील झाडं ........ यांची. फळ, सावली, तोड याबाबत ठरलं ते असं ........
५. गाडीवाट ........ फूट रुंद, ........ या बाजूनं खुली राहील.
६. पाण्याचा दांड ........ इथून जाईल.
७. पुढं मतभेद झाल्यास आधी ........ या पंचांकडे जाऊ.
सह्या, दोन साक्षीदार, दिनांक."

दोन्ही घरच्या मोठ्या मुला-मुलींच्या सह्या साक्षीदार म्हणून घेतल्या तर फार चांगलं, कारण उद्या धुरा त्यांच्याकडे जाणार आहे. हा कागद वहिवाटीचा आहे. यानं जमिनीची मालकी इकडची तिकडे होत नाही.

उजळणी

१. आपल्या वावराच्या चारही बाजूंचे दगड आज जागेवर आहेत का? शेवटचे कधी पाहिले?
२. आपल्या मोजणीचा नकाशा घरात कुठं ठेवला आहे, हे मुलांना माहीत आहे का?
३. आपल्या उसाची वाट कुणाच्या धुऱ्यावरून जाते? ती कागदावर आहे का?
४. आपल्या ओलीचा, फवाऱ्याचा किंवा पाचटाचा शेजाऱ्याला त्रास होतो का? त्याला कधी विचारलं का?
५. ज्या धुरेकऱ्याशी बोलणं बंद आहे, ते किती वर्षांपासून? आणि कितीच्या जागेसाठी?

शेवटचा प्रश्न पाटीवर सोडवायचा नाही. याच जिल्ह्यातून १९५१ साली पायी निघालेल्या विनोबांना तेलंगणातल्या पोचमपल्लीत एका जमीनदारानं शंभर एकर दिले आणि भूदान सुरू झालं. पवनारची धाम नदी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कुणी एकर देऊन टाकावेत असं मी म्हणत नाही, आपण लहान कास्तकार, आपल्याला वीतभर जमीनही मोलाची. पण त्या वीतभर जमिनीची किंमत पुरी समजून घेऊन मग भांडावं की बोलावं ते ठरवा.

आमचे काकाजी आता नाहीत, बाबाही नाहीत. दोघांच्या वावरांत आता त्यांचा मुलगा आणि मी आहोत. धुऱ्यावरचा निंब आहे तसाच उभा आहे. पाणी द्यायला रात्रीची वीज आली की जो आधी जागा होतो तो दुसऱ्याला हाक मारतो. धुरा सरळ असल्याचा एवढा फायदा आम्हाला रोज मिळतो.

या उन्हाळ्यात, ऊस तुटून वावर मोकळं झालं की एक संध्याकाळ काढा. शेजाऱ्याला सोबत घ्या आणि दोघं मिळून आपल्या धुऱ्यावरून एक फेरी मारा.